घरट्यांचा अभ्यास करताना अंड्यांचंच नुकसान होतं का? (तापीकाठ, उन्हाळा)

तापीथडी (धागाकर्ती)

नमस्कार. पक्षी विभागात बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय.

आम्ही काही जण (दोन प्राध्यापक, बाकी हौशी) येत्या उन्हाळ्यात भुसावळ-रावेर पट्ट्यात, हतनूर धरणाच्या वर-खाली, तापीच्या पात्रातल्या आणि काठच्या पडीक शेतांतल्या घरट्यांचा अभ्यास करायच्या विचारात आहोत. पक्षी निवडलेत ते सगळे उघड्यावर, थेट जमिनीवर अंडी घालणारे: टिटवी, माळटिटवी, छोटा आर्ली आणि नदी सुरय. वाळूउपसा, पात्रातल्या टरबुजाच्या वाड्या, गुरं, कुत्री, मध्येच सोडलेलं धरणाचं पाणी, यात किती अंडी जातात हे इथे सगळे अंदाजाने बोलतात. आकडा कुणाकडे नाही. आणि आकडा नसला की सरकारी टेबलावर कुणी ऐकूनही घेत नाही.

कच्चा आराखडा असा: घरटं शोधायचं, अंडी मोजायची, व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) लांबी-रुंदी, वजन, पाण्यात टाकून अंडं किती दिवसांचं आहे ते ठरवायचं, अंड्यावर नंबर घालायचा, काही घरट्यांत बटणाएवढा तापमापक ठेवायचा आणि दर तिसऱ्या दिवशी फेरी मारायची. वन खात्याच्या परवानगीचं काम चालू आहे.

हे आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं तर एका ज्येष्ठांनी एका ओळीत निकाल लावला, "ट्रॅक्टरवाल्यांपेक्षा तुम्हीच जास्त अंडी माराल." दुसऱ्यांनी लिहिलं, जगभर असंच करतात, काही होत नाही. कारण दोघांनीही दिलं नाही. मला कारणं हवी आहेत. यातली कुठली गोष्ट खरंच घातक, कुठली नुसती भीती?


साधामाणूस

तज्ज्ञ बोलतीलच. आमची आजी एवढंच सांगायची, "अंडास्ले हात नका लावू रे, पाखरू सोडी देस." व्हर्नियर तर लांबच राहिलं.


पखुर्डी

ताई, चांगला विषय काढलात. सवडीने लिहितो.

साधामाणूस, आजीचा सल्ला सोळा आणे खरा, कारण मात्र वेगळं. पक्ष्यांना वास अगदीच येत नाही असं पूर्वी मानत, ते आता कुणी म्हणत नाही. पण माणसाच्या हाताचा वास लागला म्हणून पक्षी अंडी सोडून जातो, याला आधार नाही. तो जातो पुन्हा पुन्हा उठवल्यामुळे, आणि त्यातही वेळ महत्त्वाची असते. अंडी घालणं चालू असताना किंवा उबवणीच्या पहिल्या काही दिवसांत उठवलं तर सोडून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्या वेळी त्याची फार मेहनत गुंतलेली नसते, हंगाम शिल्लक असतो, दुसरीकडे नवी अंडी घालणं परवडतं. पिल्लं निघायला चार दिवस उरलेली टिटवी मात्र तुमच्या डोक्यावर झेपावेल, पण जागा सोडणार नाही. म्हणून पहिला नियम: एकदोनच अंडी दिसली तर तिथे थांबायचं नाही, मोजायचं नाही, लांबून नोंद करून निघायचं. टिटवी बहुधा चार अंडी घालते. ती पुरी होऊ द्यात.

आता मोठा मुद्दा. या विषयावरचं बहुतेक लिखाण युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासांवर उभं आहे. तिथे भीती असते अंडं गार पडण्याची. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळला पारा ४५च्या पुढे जातो, उघडी वाळू ५०च्या वर सहज तापते. अंड्यातल्या गर्भाला साधारण ३७-३८ अंश लागतात. म्हणजे दुपारी आपली टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. नीट पाहिलंत तर ती बसलेलीही नसते, पाय ताठ करून अंड्यांवर उभी असते. टिटवी आणि सुरय पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि अंडी ओलावतात, हे तुम्हीही पात्रात पाहिलं असेल.

अशा वेळी तुम्ही दहा मिनिटं घरट्यापाशी बसून वजनं घेतलीत, तर अंड्याला हात लावल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते त्या दहा मिनिटांच्या उन्हाने. आणि तुम्ही उठल्यावर लगेच पक्षी परततो असंही नाही. तो तुम्ही नजरेआड होईपर्यंत थांबतो. तुमचा वेळ मोजायचा तो पक्षी उठल्यापासून परत बसेपर्यंत. घरट्यापाशी घालवलेली मिनिटं हा त्यातला लहान भाग.

म्हणजे मार्चअखेरपासून सकाळी आठनंतर एकाही घरट्यावर जायचं नाही. हे एक पाळलंत तर निम्मं भांडण मिटलं.


नवापूरकर

पखुर्डी भाऊंनी लिहिलं ते आमच्या धंद्यात रोज दिसतं म्हणून लिहितोय. आमची हॅचरी आहे, कोंबडीची. जंगली पक्ष्यांतलं मला काही कळत नाही.

मशीन ३७.५ ते ३७.८ वर चालतं. लोडशेडिंगमध्ये जनरेटर सुरू व्हायला उशीर झाला, ट्रे तासभर गार पडले, तर पिल्लं थोडी उशिरा निघतात, टक्का थोडा घसरतो. पण थर्मोस्टॅट अडकून मशीन ४०-४१ वर गेलं आणि कुणाचं लक्ष नसलं, तर तो ट्रे गेला समजा. थंडी अंडं सहन करतं, गरमी करत नाही. रानातल्या अंड्याला वेगळा नियम असेल असं वाटत नाही.

दुसरं, पाण्यात टाकायचं म्हणताय. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यावर एक पातळ थर असतो, जंतू आत जाऊ नयेत म्हणून. गरम अंडं गार पाण्यात टाकलं की आतला माल आकसतो आणि छिद्रांतून पाणी आत ओढलं जातं, पाण्याबरोबर घाणही. म्हणून आमच्यात नियमच आहे, पाणी अंड्यापेक्षा कोमट पाहिजे, गार कधीच नाही. नदीचं पाणी तर अजिबात नको. हाताला तेल, सनस्क्रीन, बाम असलं काही नको, छिद्रं बुजतात.

तिसरं, हलवाहलव. पहिल्या आठवड्यात अंड्याला झटका, धक्का चालत नाही.

बाकी तुम्ही पाण्यात का टाकताय ते कळलं नाही. आम्ही अंधारात बॅटरीवर धरून बघतो, कँडलिंग. रक्ताच्या शिरा दिसतात, किती दिवसांचं ते कळतं.


तापीथडी

नवापूरकर, फार कामाचं लिहिलंत. पाण्यात टाकायचं कारण सांगते. उबवणी चालू असताना अंड्यातलं पाणी छिद्रांतून उडत जातं, पिल्लू निघेपर्यंत अंडं वजनाने साधारण १५ टक्के कमी होतं, आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, मग एक टोक उचलतं, मग तळाशीच उभं राहतं, शेवटी तरंगतं. त्या कोनावरून दिवस काढायचे. १९५०च्या आसपासची पद्धत आहे. कँडलिंग पांढऱ्या अंड्यात सोपं, टिटवीचं अंडं मातकट आणि काळ्या डागांचं, त्यात आतलं फारसं दिसत नाही.

पण कोमट पाण्याचा मुद्दा आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हता. थर्मासमधून न्यावं लागेल.


पखुर्डी

बुडवण्याबद्दल एक. १९९५ साली अमेरिकेत हेच तपासलं होतं, बुडवलेल्या अंड्यांतून पिल्लं कमी निघतात असं आढळलं नाही. त्यामुळे पद्धत म्हणून ती वाईट नाही. फक्त कवचाला तडा गेलेलं किंवा आतून चोच मारायला सुरुवात झालेलं अंडं पाण्यात टाकायचं नाही, आतलं पिल्लू बुडेल. आणि चारही अंडी बुडवायची गरज नसते. दोन पुरतात.

नंबर मऊ शिसपेन्सिलने, बोथट टोकावर. मार्कर नको, त्यातलं द्रावण आत मुरतं.


गिरणाकाठ

माझा थोडा विरोधी सूर. तुम्ही सगळे हातात काय धरायचं नि पाणी किती कोमट यावर चर्चा करताय. आमच्या गिरणेच्या पात्रात रात्रीतून शेकडो ब्रास वाळू जाते. जिथे मागच्या वर्षी आर्लीची वसाहत होती तिथे आता खड्डा आहे, त्यात डबकं. चार प्राध्यापकांनी चार अंडी मोजली तर काय आकाश कोसळतं? उगाच अभ्यास करणाऱ्यांनाच दम देण्यात आपली शक्ती जाते.


पखुर्डी

वाळूबद्दल दुमत नाही. पण गिरणाकाठ, तुम्ही जिचं नाव घेतलंत ती आर्लीची वसाहतच उदाहरण म्हणून घ्या. टिटवीचं घरटं एकटं असतं. तुम्ही गेलात, एक जोडी उठली, तुम्ही गेलात की बसली. आर्ली आणि सुरय एका बेटावर दाटीने. तिथे एका घरट्याचं माप घ्यायला गेलात की सगळी वसाहत उठते, सगळ्यांचीच अंडी एकाच वेळी उन्हात. शिवाय आर्लीची अंडी वाळूच्या रंगाची, खळगा नावापुरता. मोजायला आलेल्याच्याच पायाखाली अंडं येणं ही कल्पना नव्हे, वसाहतींत काम करणाऱ्यांना हा धोका पक्का माहीत असतो. आणि वर डोमकावळे वाटच बघत असतात. पालक उठले की त्यांची पंगत.

म्हणून माझं मत सरळ आहे. टिटव्यांना तुमची पद्धत चालेल. आर्ली आणि सुरय यांच्या बेटावर पाय ठेवायचा नाही. काठावरून दुर्बिणीने बसलेले पक्षी मोजा, आठवड्याने पुन्हा मोजा. अंड्याचं वजन कळणार नाही. न कळलं तर न कळलं.


यावलची_सून

कावळे माणसाच्या मागे येतात हे खरं का? आमच्या शेतात घरट्याजवळ काठी रोवून लाल फडकं बांधलं की ट्रॅक्टरवाला ते वाचवतो, केळीच्या बागेशेजारच्या पडीत सासरे दरवर्षी टिटवीसाठी असं करतात. मग ते फडकं कावळ्याला पण कळत असेल ना?


पखुर्डी

कळतं, ताई. पण तुमच्या सासऱ्यांनी फडकं काढू नये. नांगराखाली जाणार हे नक्की असताना कावळ्याचा धोका पत्करणं शहाणपणाचं. संशोधकाला मात्र फडक्याची गरज नाही, त्याच्याकडे जीपीएस असतो. खूण ठेवायचीच तर घरट्यापासून दहा-पंधरा पावलांवर तिथलाच एखादा दगड, प्रत्येक वेळी एकाच दिशेला.

आणखी एक. घरट्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने परतायचं नाही. मुंगूस, कोल्हा, कुत्रं वासाच्या वाटेने येतात, आणि ती वाट घरट्यापाशी संपली तर त्यांना आयतंच मिळालं. घरट्याजवळून जात राहायचं, थांबायचं, पुढे निघायचं, वळसा घालून बाहेर. कावळा किंवा घार वर दिसत असेल तर त्या दिवशी त्या घरट्याकडे बघायचंही नाही.

आता भक्षकांबद्दल जी गोष्ट लोकांना पटत नाही ती. २०१२ साली स्पेनमधल्या संशोधकांनी जगभरचे असे अभ्यास एकत्र करून पाहिले. संशोधकाच्या येण्याजाण्याने घरटी जास्त लुटली जातात, असं सरसकट दिसलं नाही. झाडाझुडपांतल्या लहान गाणाऱ्या पक्ष्यांत तर उलट किंचित कमी लुटली गेली. कारण बहुधा असं की काही भक्षक माणसाच्या वासाला बिचकतात. कॅमेऱ्यांचंही तसंच आढळलंय, नव्या वस्तूजवळ यायला कोल्ह्या-मुंगसाला धीर होत नाही.


तापीथडी

मग हे आमच्या बाजूचं झालं की!


आकडेमोड

नाही. हेच तर आकड्यांच्या दृष्टीने सर्वांत वाईट.

तुमच्या फेऱ्यांमुळे घरटी वाचत असतील तर तुम्ही जो आकडा काढाल तो खऱ्यापेक्षा चांगला येईल. "तापीकाठी टिटव्यांचं उत्तम चाललंय" असा अहवाल जाईल, आणि तो आकडा फक्त तुम्ही गेलेल्या घरट्यांपुरता खरा असेल. मरण वाढलं काय नि घटलं काय, तुमच्या असण्याने आकडा हलतोय हीच अडचण. पक्षी वाचवणाऱ्याला पहिली चूक बोचते, गणितवाल्याला दोन्ही.

मुळात घरट्यांचं यश मोजायची साधी पद्धत फसवी आहे. वीस घरटी सापडली, आठांतून पिल्लं निघाली, म्हणजे ४० टक्के, असं आपण म्हणतो. पण अंडी घातल्या-घातल्या लुटली गेलेली घरटी आपल्याला सापडतच नाहीत, ती या विसात नसतात. हॅरल्ड मेफील्ड नावाच्या अमेरिकन पक्षिअभ्यासकाने १९६१ मध्ये यावर तोड काढली. घरटी मोजू नका, घरट्यांचे दिवस मोजा. समजा त्या वीस घरट्यांवर मिळून तुमची ३०० दिवसांची नजर होती आणि त्यांत १२ नष्ट झाली. म्हणजे रोजचं मरण १२ भागिले ३००, ४ टक्के. रोज जगण्याची शक्यता ०.९६. टिटवीची उबवण साधारण २८ दिवस धरली तर ०.९६चा २८वा घात, उत्तर सुमारे ३२ टक्के. चाळीस नव्हे.

आता बघा. तुमच्या येण्याजाण्यामुळे रोजचं मरण ४ऐवजी ५ टक्के झालं. शेतात उभं राहून हा फरक कुणालाही जाणवणार नाही, "आमच्यामुळे एकही घरटं गेलं नाही" असं प्रत्येक जण शपथेवर सांगेल. पण ०.९५चा २८वा घात २४ टक्के. म्हणजे निघायच्या होत्या त्यांतली एक चतुर्थांश घरटी गेली, आणि कुणाला दिसलंही नाही.

त्यामुळे "आम्ही काळजी घेतली" हे पुरेसं नाही. परिणाम मोजायची सोय आराखड्यातच पाहिजे.


तापीथडी

कशी करायची पण? ज्या घरट्याला भेटच दिली नाही त्याचं काय झालं हे कळणार कसं?


आकडेमोड

तीच खरी गोम आहे. भेट शून्य करता येत नाही, पण कमी-जास्त करता येते. घरटी सापडतील तशी चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडा. एका गटाला तुमची दर तिसऱ्या दिवसाची फेरी, दुसऱ्याला आठवड्यातून एकदा, तीही लांबून. मग दोन्ही गटांचं रोजचं मरण वेगळं काढा. फरक निघाला तर तुमचा त्रास आकड्यात आला, आणि तो वजा करून बोलता येतं. गट चिठ्ठीनेच पाडायचे. "हे घरटं रस्त्याला लागून आहे, रोज बघू" असं केलंत की सगळं मुसळ केरात, कारण रस्त्यालगतच्या घरट्याचं नशीबच वेगळं.


पखुर्डी

आणि शेवट कळण्यासाठी अंड्यांजवळ जायची गरजच नसते, घरटं रिकामं झाल्यावर गेलात तरी चालतं. पिल्लू निघताना आतून चोच मारून मारून कवचाचे दोन-चार मिलिमीटरचे बारीक कण खळग्यात पाडतं. मोठे तुकडे पालक उचलून नेतात, कण राहतात. खळग्यातली माती पिठाच्या चाळणीने चाळली की मिळतात. कण मिळाले तर बहुधा पिल्लं निघाली. मोठे तुकडे, पिवळा बलक, मुंग्या असं दिसलं तर कुणीतरी खाल्लं. काहीच नाही, तर साप किंवा घोरपड किंवा माणूस, तिथे "माहीत नाही" असंच लिहायचं.

यासाठी अंदाजे कोणत्या दिवशी पिल्लं निघतील ते माहीत हवं. म्हणून ते पाण्यात टाकणं एकदाच, पहिल्या भेटीत. त्यानंतर अंड्याला हात लावायचं कारण उरत नाही. वजन, व्हर्नियर हे सगळं त्याच एका भेटीत, आणि खरं सांगू का, तुमच्या प्रश्नाला वजनाचा उपयोग नाही. वाळूउपशाने किती घरटी जातात हे शोधायला अंड्याची रुंदी कशाला लागते? पेपर लिहायला रकाने भरलेले दिसतात म्हणून पुष्कळ मापं घेतली जातात. ती गाळा.


नवापूरकर

बरं, एक विचारू? खऱ्या अंड्यांना त्रासच नको तर बटेरची अंडी ठेवून बघा ना. बाजारात ढीग मिळतात. कोण खातं ते कळेल.


आकडेमोड

पुष्कळांनी केलंय. बटेरचं कवच लहान उंदरासारख्या प्राण्यांच्या तोंडाला फोडता येत नाही, त्यामुळे ते भक्षक हिशोबातून गळतात. मातीची किंवा प्लॅस्टिसिनची अंडी ठेवली तर दातांचे ठसे छान उमटतात, पण त्या वासाने उंदीर जास्तच येतात. शिवाय ज्या घरट्यावर ओरडणारी टिटवी नाही ते टिटवीचं घरटंच नव्हे.


पखुर्डी

नवापूरकर, तुमच्याच गावाचा दाखला देतो, राग मानू नका. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला होता. फार्मवरची अंडी उचलून पाणपक्ष्यांच्या पात्रात ठेवायची, हे मला तरी पटत नाही.


नवापूरकर

राग कसला. ते दिवस आम्ही भोगलेत. बरोबर आहे, नकोच.


शहादेकर

थोडं अवांतर, पण विषय खानदेशचा आहे म्हणून लिहितो. इथे पक्ष्यांचा "अभ्यास" म्हणजे बंदूक आणि अंडी गोळा करणं, असा एक काळ होता. १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन नावाचा आयसीएस (ब्रिटिश सनदी सेवेतला) अधिकारी खानदेशात होता, त्याने आपल्या भागातून रानपिंगळ्याचे (हे एक छोटं घुबड) नमुने जमवले. नंतर तो पक्षी शंभराहून अधिक वर्षं कुणाला दिसलाच नाही. त्यात मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहक महाशयांनी संग्रहालयातला जुना नमुना लांबवून, नव्याने शिवून, १९१४ सालचा गुजरातचा म्हणून खपवला. शोधणारे मग चुकीच्या जागी शोधत बसले. ती चोरी अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघडकीला आणली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना आणि बेन किंग, डेव्हिड अॅबट यांना रानपिंगळा दिसला तो आमच्या शहाद्याजवळ. खोटी नोंद करणंही पक्ष्याला किती महागात पडतं बघा.

रानपिंगळा झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. ढोलीत बघायला हल्ली काठीला लावलेला लहान कॅमेरा असतो. पण माझं म्हणणं, मोजकेच उरलेल्या पक्ष्याच्या ढोलीत काठी घालायचीच कशाला? बाहेर बसून पिल्लं किती निघाली तेवढं बघा.


गिरणाकाठ

मग जुने अंडीसंग्राहक सगळे खलनायकच का? अंड्यांचे ते संग्रह होते म्हणूनच डीडीटी या कीटकनाशकाचा परिणाम कळला. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफने १९६७ मध्ये जुन्या संग्रहांतली बहिरी ससाण्याची कवचं वजन करून दाखवली, १९४७च्या सुमारापासून ती अचानक पातळ झालेली. जुनी अंडी नसती तर तुलना कशाशी केली असती?


शहादेकर

मान्य. खलनायक म्हणत नाही. पण ती अंडी घेताना डीडीटी कुणाच्या मनात नव्हता, आणि तेव्हाच्या संग्राहकांना एखाद्या रानात किती पक्षी उरलेत याची मोजदादही नव्हती. आज एक अंडं उचलायचं तरी कारण आधी लिहून द्यावं लागतं. माळढोकाचंच बघा. राजस्थानात २०१९पासून परवानगी घेऊन अंडी उचलतात, मशीनमध्ये उबवतात. माळढोक एकाच अंड्यावर भागवणारा पक्षी, तेही कुत्र्या-कोल्ह्याच्या तोंडी जातं, म्हणून. तिथे उचलणं हाच उपाय. तापीवरच्या टिटवीला ते लागू नाही.


कायद्याचं_बोला

कुणीच लिहिलं नाही म्हणून. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २(१६). "शिकार" या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि अंडी किंवा घरटी विचलित करणं येतं. बंदूक लागत नाही. घरटं अभयारण्यात आहे की स्वतःच्या शेतात, याने फरक पडत नाही. शास्त्रीय संशोधनासाठी कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी मिळते, ती आधी हवी. "आम्ही कॉलेजकडून आहोत" ही परवानगी नव्हे. धागाकर्तीने परवानगीचं काम चालू आहे लिहिलंय ते बरं केलं, पण ती हातात येईपर्यंत व्हर्नियर कपाटात.

आणि हे फोटोवाल्यांनाही लागू, बरं का. अभ्यासकांच्या दोन भेटींची आपण चिरफाड करतोय, रविवारी तलावावर घरट्यापुढे अर्धा अर्धा तास भिंग लावून बसणाऱ्यांना कोण विचारतं? फांद्या बाजूला करून फोटो काढतात. बऱ्याच छायाचित्र स्पर्धा आता घरट्याचे फोटो घेत नाहीत, तरी हौस फिटत नाही.


यावलची_सून

+१. आमच्याकडे तर रील काढायला अंडं हातात घेतात.


तापीथडी

सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी आमची बैठक झाली, त्यात हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. एका प्राध्यापकांना मापं गाळायचं अजिबात पटलं नाही, त्यावर तास गेला. शेवटी ठरलं ते असं.

आर्ली आणि सुरय यांच्या बेटांवर कुणीही उतरणार नाही. काठावरून दुर्बीण, आठवड्याला एकदा, सकाळी. धरणातून पाणी सुटल्यावर बेटाचा किती भाग पाण्याखाली गेला तेही त्याच जागेवरून फोटोत येईल. खरं तर आम्हाला हवा होता तो आकडा यातूनच मिळतोय, हे बैठकीत उशिरा लक्षात आलं.

टिटवी आणि माळटिटवीला चिठ्ठीने दोन गट. दोन्ही गटांत अंड्यांपाशी एकच भेट, सकाळी आठच्या आत, दोन अंडी कोमट पाण्यात, पेन्सिलचा नंबर, वर छत्री धरून. फेऱ्या पुढे लांबूनच, पक्षी बसलाय का एवढंच बघायचं. एका गटाची फेरी दर तिसऱ्या दिवशी, दुसऱ्याची आठवड्याने. शेवटी चाळणी. व्हर्नियर आणि वजन रद्द. तापमापकाबद्दल अजून वाद आहे.


पखुर्डी

छत्रीचं उत्तम. फक्त काळी किंवा मळकट घ्या, रंगीत नको.

तापमापक ठेवायचाच तर अंड्यांखाली पुरू नका, टिटवी खळग्यातले खडे सारखे हलवते, तो बाहेर येईल आणि गुराख्याच्या पोराला सापडेल. खरंच माहिती हवी असेल तर घरट्यात ठेवूच नका. शेजारी उघड्या वाळूत तसाच खळगा करून त्यात ठेवा. पालक नसताना अंड्याला किती ऊन सोसावं लागलं असतं ते त्यातून कळेल, आणि तुमच्या भेटीची मर्यादा किती मिनिटांची ठेवायची तेही.


आकडेमोड

तिसऱ्या दिवसाच्या फेऱ्या लांबून करताय म्हणजे तुमच्या त्रासाचा फरक आता फार बारीक निघेल. तो पकडायला प्रत्येक गटात घरटी भरपूर लागतील. पंधरा-वीस घरट्यांत "फरक आढळला नाही" असं आलं तर ते "फरक नाही" असं लिहू नका.


गिरणाकाठ

ताई, एक सुचवतो. चंबळ नदीवर पाणचिऱ्यांच्या (हेही वाळूवर अंडी घालणारे नदीपक्षी) वसाहतींसाठी गावातल्याच माणसांना राखण दिली आहे, बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) काम आहे. पात्रात टरबूजवाडी लावणारी माणसं तशीही दिवसरात्र तिथेच असतात, पक्ष्यांना त्यांची सवय असते. नोंद त्यांच्याकडून घेता आली तर तुम्हाला खाली उतरायलाच नको. वाळूचा ट्रॅक्टर किती वाजता आला हेही तेच सांगतील. तुम्हाला नाही सांगणार कुणी.


तापीथडी

हे मात्र आमच्या कुणाच्याच मनात नव्हतं. रावेरकडच्या एका वाडीवाल्या काकांशी ओळख आहे, या शनिवारी जाऊन बोलते. नोंदवहीचा नमुना तयार झाला की इथेच टाकेन, सोपा हवा, अहिराणीत समजावता येईल असा.

ड्रोनबद्दल दोघांनी व्यक्तिगत संदेश पाठवून विचारलंय. वसाहतीवर ड्रोन नेणार नाही. बाकी चर्चा कुणाला करायची असेल तर वेगळा धागा काढा, हा आधीच लांबलाय.